आईबाप दोघंही डॉग शोचे चॅम्पियन असतील तर त्यांचं पिल्लू घेण्यात चूक काय?

तुमचा प्रश्न असा की पिल्लाचे आईबाप दोन्ही चॅम्पियन, पेपर्स (म्हणजे वंशावळीचे, जातीच्या नोंदीचे कागद) एकदम चोख, मग शुद्ध जातीच्या पैदाशीला लोक नावं का ठेवतात आणि पिल्लू घ्यावं की नाही. माझ्याकडे नऊ वर्षं पग होता, त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाहीये, आधीच सांगते.

तो झोपायचा कसा ते सांगते. हनुवटी कायम कशावर तरी टेकवलेली, खुर्चीच्या दांडीवर, चपलेवर, माझ्या पायावर, नाहीतर रबरी चेंडू तोंडात धरून तसाच झोपायचा. आम्हाला वाटायचं काय लाडोबा आहे, झोपेतपण चेंडू सुटत नाही, फोटो काढून सगळ्यांना पाठवायचो, घोरण्याचे व्हिडिओ तर विचारूच नका. तीन वर्षांचा असताना लसीसाठी नेला तेव्हा मी कौतुकाने डॉक्टरांना फोटो दाखवला, तर ते हसलेच नाहीत. म्हणाले, ताई, तोंड उघडं राहावं म्हणून तो चेंडू धरतोय, तोंड मिटलं की श्वास कोंडतो आणि जाग येते. मग नाकपुड्या दाखवल्या, नुसत्या चिरा. जबडा पिढ्यानपिढ्या आखूड करत नेला पण टाळूचा मागचा मऊ भाग काही त्या मानाने आखूड झाला नाही, तो घशात लोंबतो. कुत्रं अंग गार करतं ते धापा टाकून, आपल्यासारखा घाम नाही येत त्याला, आणि ह्याची धापच अडकलेली. ऑपरेशन करून घेतलं, बराच फरक पडला. पेपर्स याचेही चोख होते हां, आजोबा चॅम्पियन.

आता शोबद्दल. एक मैत्रीण शोमध्ये कुत्री उतरवायची, तिची कंगवे-ब्रशची बॅग धरायला मी दोनचारदा गेलेय. हँडलर, म्हणजे कुत्र्याला रिंगणात घेऊन येणारा माणूस, कुत्र्याचे चारही पाय जागच्या जागी लावून त्याला पुतळ्यासारखं उभं करतो, जज येऊन दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का तेही चाचपतो, मग एक फेरी पळवून बघतो. दोनेक मिनिटांत संपलं. हे सगळं ताडून बघायचं त्या जातीच्या स्टँडर्डशी, म्हणजे ते कुत्रं दिसावं कसं याचं लेखी वर्णन. हृदयाची झडप कशी आहे, रात्री झोप लागते का, हे हाताला लागत नाही. जज लोक वाईट असतात असं अजिबात नाही, पण जे दिसतं त्यालाच बक्षीस मिळणार. आणि जो नर जिंकला त्याच्याकडेच सगळे आपापल्या माद्या घेऊन जाणार, खरी गोम इथे आहे. त्याच्या रक्तात एखादा छुपा दोष असला तर काही पिढ्यांत तो अख्ख्या जातीत पसरू शकतो.

बरं बाहेरून नवीन रक्त आणावं तर रजिस्टर बंद. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा ब्रिटनचा केनेल क्लब १८७३ चा, आणि आईबाप दोघंही त्याच जातीचे नोंदलेले असतील तरच पिल्लाची नोंद, हा खाक्या पुढे जगभर पसरला. २००८ साली लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी पेडिग्रींचा, म्हणजे वंशावळींचा, हिशोब मांडला तेव्हा ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० पगांमधली जनुकीय विविधता जेमतेम ५० कुत्र्यांइतकी भरली.

डाल्मेशियनची गोष्ट ऐकली की मला अजून संताप येतो. या जातीत युरिक अ‍ॅसिडचा दोष इतका घट्ट बसलेला की शुद्ध डाल्मेशियन म्हणजे तो दोष असणारच, आणि त्यातून मुतखडे, नरांना तर लघवीच तुंबते. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल नावाच्या जनुकशास्त्रज्ञाने एकदा, फक्त एकदाच, पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढीत डाल्मेशियनशीच जोड्या लावत गेला. काही पिढ्यांनी कुत्री दिसायला अगदी ठिपकेवाली डाल्मेशियनच, आणि दोष गेलेला! उत्तर हातात होतं, तरी अमेरिकन केनेल क्लबने या कुत्र्यांना कायमची दारं उघडली ती २०११ मध्ये. का, तर रक्त शुद्ध नाही. मधल्या काळात तुंबलेल्या लघवीने कळवळणारी ती सगळी कुत्री मात्र शुद्ध रक्ताची होती.

काहीच बदललं नाही असं नाही. २००८ च्या बीबीसीच्या एका माहितीपटानंतर बराच गदारोळ झाला, ब्रिटनमध्ये बाप-मुलगी, सख्खे भाऊबहीण अशा जोड्यांच्या पिल्लांची नोंद बंद झाली, २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या डॉग शोमध्ये, १५ जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांनी तपासणी केली त्यात पेकिनीज आणि बुलडॉग धरून सहा जण नापास झाले. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची चालली होती तशी पैदास बेकायदा ठरवली.

आणि हो, मी शुद्ध जातीच्या विरोधात नाहीये. मेंढरं राखणारं, वास काढणारं कुत्रं हवं असेल तर आईबाप बघूनच पैदास करावी लागते, ठरावीक स्वभावाची खात्री हवी असणंही चूक नाही. उलट क्रॉस म्हणजे आपोआप धडधाकट असंही नाही, दोन्हीकडचे दोष एकत्र येऊ शकतात.

तुमच्या पिल्लाचं म्हणाल तर ट्रॉफ्यांकडे बघूच नका. त्याची आई बघा, ती समोर चालूदेत, जिना चढूदेत, मग तिचा श्वास ऐका. ती स्वतः व्याली की दर वेळी सिझेरियन करावं लागलं ते विचारा (बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग असेल तर हे आधी). आजीआजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले, जातीनुसार खुब्याच्या, हृदयाच्या, डोळ्यांच्या तपासण्यांचे रिपोर्ट आहेत का, आईबापाचं एकमेकांशी नातं काय. चांगला ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, या प्रश्नांनी खूश होतो, तोच उलट तुमची तासभर उलटतपासणी घेतो. आणि ब्रीडर जर म्हणाला की अहो ही जात घोरतेच, तर तसंच परत या, पिल्लू कितीही बघत राहिलं तरी. मी त्या वाक्यावर हसले होते आणि पिल्लू घेऊन घरी आले होते.