काडतुसं भरायला नवी बॉल पावडर (गोल दाण्याची) आणली, जुन्या स्टिक पावडरीचे (कांडीच्या दाण्याची) आकडे चालतील का?

थेट उत्तर आधी: नाही चालणार. एच-४३५० या जुन्या स्टिक पावडरीचा तुमचा जो ठरलेला भार आहे (एका काडतुसात घालायचं पावडरीचं वजन, ग्रेन या एककात), तेवढेच ग्रेन स्टाबॉल ६.५ ही नवी बॉल पावडर मोजून पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, टाकायचे नाहीत. अर्धा ग्रेन कमी करूनही नाही. जळण्याच्या वेगाच्या यादीत दोन्ही पावडरी शेजारीशेजारी दिसतात हे खरं, पण ती यादी फक्त क्रम सांगते, दोघींत अंतर किती ते सांगत नाही. पुंगळी बदलली, गोळीचं वजन बदललं की तो क्रमही मागेपुढे होतो.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी: आपले इंदूरचेच एक सदस्य सध्या कोलोरॅडोत असतात आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या, हाताने बोल्ट ओढून चालवायच्या रायफलसाठी काडतुसं स्वतः भरतात. नेहमीची ऑस्ट्रेलियन स्टिक पावडर मिळेना, म्हणून विंचेस्टरची स्टाबॉल ६.५ घेतली. जुना भार चालेल का, मॅग्नम (जास्त दमदार) प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली पावडर पेटवणारी टिकली, लागेल का, आणि तिकडच्या थंडीत ही दगा देईल का, असे त्यांचे प्रश्न. खाली ग्वाल्हेरच्या एकांनी विचारलंय की हे आपल्याकडे करता येईल का. त्यांच्याकडे शेवटी येतो.

मी हा उद्योग अमेरिकेत बरीच वर्षं केला, आता लोकमान्य नगरात बसून नुसते सल्ले देतो. भाराचे आकडे मात्र माझ्याकडून मिळणार नाहीत. विंचेस्टरची पावडर आता हॉजडन कंपनी विकते, त्यांचा चालू डेटा, म्हणजे भारांचे तक्ते, फुकट बघायला मिळतो. तोच उघडा आणि तुमच्याकडे आहे त्याच गोळीचा, त्याच वजनाचा रकाना धरा. हॉजडनच्याच एच-३८० चं नाव संस्थापक ब्रूस हॉजडनच्या आवडत्या ३८ ग्रेनच्या भारावरून पडलं. तो भार .२२-२५० या काडतुसातला, ५२ ग्रेनच्या गोळीमागचा. डब्यावरचं नाव हीच पाककृती समजून कुणी ३८ ग्रेन भलत्याच पुंगळीत भरू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

आता बॉल पावडर वेगळी का वागते ते बघू, कारण ते कळलं की तुमच्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

स्टिक पावडरीचा दाणा म्हणजे मधोमध भोक असलेली बारीक कांडी. ती बाहेरून जळत लहान होते, पण आतलं भोक मोठं होत जातं. त्यामुळे जळणारा पृष्ठभाग शेवटपर्यंत साधारण तेवढाच राहतो. बॉल पावडरीच्या गोल दाण्याचं तसं नाही. त्रिज्या निम्मी झाली की पृष्ठभाग चौथाई उरतो. म्हणजे सर्वांत जास्त वायू अगदी सुरुवातीला, गोळी जागची हललेलीही नसताना, आणि नंतर जोर ओसरत जाणार. रायफलला नेमकं याच्या उलट हवं असतं. यावर उपाय म्हणून दाण्याच्या बाहेरच्या थरात ज्वलन मंदावणारं रसायन मुरवतात आणि बऱ्याचदा दाणे रोलरखाली दाबून चपटे करतात. बाहेरचा थर हळू, आतला जलद, असा तोल साधला जातो. त्यात बहुतेक बॉल पावडरींत नायट्रोसेल्युलोजच्या जोडीला नायट्रोग्लिसरीन असतं, तुमच्या एच-४३५० मध्ये ते नाही.

आता या मंद थराची किंमत कुठे मोजावी लागते? पेटवताना. वरचा थरच आळशी, दाणेही एकमेकांना चिकटून बसलेले, मधून ज्वाळा शिरायला जागा कमी. म्हणून बॉल पावडरीला प्रायमर दमदार लागतो, आणि थंडीत तर अधिकच.

मापाच्या बाबतीत मात्र हिच्यासारखं सुख नाही. स्टिक पावडर मापकातून टाकणं म्हणजे इंदुरी शेव चमच्याने मोजण्यासारखं: मध्येच अडकते, कचकन तुटते, आणि काट्यावर दर वेळी नवा आकडा. बॉल पावडर सरसर वाहते, मापक नीट लावलं तर दर मापाला फरक एक दशांश ग्रेनच्या आसपास. माणसं भुलतात ती इथेच. काट्यावर सगळे भार एकसारखे, म्हणून चेंबरमध्येही (नळीतली काडतुसाची जागा) सगळं एकसारखं जळेल असं वाटायला लागतं. या पावडरीची परीक्षा काट्यावर होतच नाही. ती होते थंडीत, उन्हात आणि प्रायमरच्या ज्वाळेत. (काट्याचा विषय निघालाच आहे तर: इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकक बदलायचं बटण चुकून दाबलं जातं. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. बसल्याबसल्या तपासणीचं वजन ठेवून बघायची सवय लावा.)

वेग जुळला म्हणजे सगळं जुळलं, हा समज किती महाग पडतो याचं उदाहरण एम-१६ रायफलचं. तिचं ५.५६ चं काडतूस आधी आयएमआर ४४७५ या स्टिक पावडरीवर जमवलं होतं. १९६४ मध्ये अमेरिकी लष्कराने डब्ल्यूसी-८४६ या बॉल पावडरीला मंजुरी दिली. गोळीचा वेग जुळत होता, कमाल दाबही मर्यादेत होता. पण दाब चढण्या-उतरण्याचा आलेख वेगळा. ही रायफल नळीतला वायू एका छिद्रातून घेऊन त्याच्या जोरावर आपोआप चालते, त्या छिद्रापाशी दाब जास्त, त्यामुळे रायफल ठरल्यापेक्षा भराभर चालायला लागली. शिवाय जुनं आम्ल मारण्यासाठी पावडरीत ठेवलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूनळीत साचायचा. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, सैनिकांना सफाईचं साहित्य पुरेसं मिळत नव्हतं, आणि व्हिएतनाममध्ये रायफली ऐन लढाईत अडकल्या. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने यावर कडक अहवाल दिला. पुढे त्या कार्बोनेटचं प्रमाण उतरवलं गेलं. तुमची बोल्ट रायफल आहे, वायूनळीची भानगड नाही, पण एम-१६ च्या धाटणीच्या एआर रायफलसाठी भरणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

प्रायमर. डेटात ज्या जातीचा प्रायमर दिलाय तोच घ्या. वाटलं म्हणून मॅग्नम लावायचा नाही. लावायचाच असेल तर तो नवा भार समजून पुन्हा खालून सुरुवात. विंचेस्टरच्या लार्ज रायफल प्रायमरच्या डबीवर साध्या आणि मॅग्नम दोन्ही भारांसाठी असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो मुळातच जरा तापट आहे. पण तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: पुंगळ्या कोणत्या? लापुआ कंपनीच्या ६.५ क्रीडमूर पुंगळ्यांना स्मॉल रायफल प्रायमर लागतो. स्टिक पावडरीबरोबर ती जोडी उत्तम चालते. बॉल पावडर, छोटा प्रायमर आणि शून्याखालचं तापमान हे तीन एकत्र आले की मला काळजी वाटते. ठिणगी उशिरा लागते, क्वचित ‘टक्’ होऊन मग ‘ठो’ होतं. नुसतं ‘टक्’ झालं तर रायफल लक्ष्याच्या दिशेनेच धरून ठेवा, बोल्ट लगेच उघडू नका. आणि तो भार त्या हवेसाठी बाद समजा. अशा पुंगळ्या असतील तर डेटात स्मॉल रायफल मॅग्नम प्रायमर आहे का बघा, किंवा सरळ लार्ज प्रायमरच्या पुंगळ्या घ्या. मी यातला दुसरा पर्याय घेईन.

भार वाढवताना डेटातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून थोडंथोडं वर. प्रायमर चपटा झाला का, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) ठसा उमटला का, बोल्ट जड उचलतोय का, हे सगळे बघतातच. पण या खुणा बऱ्याचदा उशिरा दिसतात. ६.५ क्रीडमूरची सामीने (अमेरिकी शस्त्र-दारूगोळा उत्पादकांची मानक संस्था) ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, आणि ती ओलांडूनही प्रायमर गोंडस दिसू शकतो. म्हणून मी क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, जास्त विसंबतो. डेटात नळीची लांबी आणि कमाल भाराचा वेग दिलेला असतो. तेवढ्याच लांबीच्या नळीतून तुम्ही त्या वेगाला आधीच पोहोचलात, तर भार कितीही कमी असो, दाब तिथे पोहोचलेला आहे. फुकटचा वेग कुणी देत नाही. थांबायचं.

दुसऱ्या टोकाला, फार कमी भारही नको. मंद बॉल पावडर अर्धवट भरलेल्या पुंगळीत नीट पेटत नाही. पिस्तुलाच्या भारात एच-११० आणि विंचेस्टर २९६ या बॉल पावडरींसाठी तर डेटातल्या भारापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका अशी सूचनाच आहे. तुमच्या पावडरीचा नियम तो नाही, पण डेटातल्या सुरुवातीच्या भाराखाली जाण्यात शहाणपण नाही.

थंडीचं आता. जुन्या बॉल पावडरींची तक्रार हीच होती की तापमानाबरोबर त्या हलतात. दर अंश फॅरनहाइटला एक फूट प्रति सेकंद हा अंदाज धरा. ५० अंशांचा फरक म्हणजे ५० फूट प्रति सेकंद, आणि हजार यार्डांवर गोळी फूटभर खाली. स्टाबॉल २०२० च्या सुमारास आली ती नेमका हा डाग पुसायला. कंपनीचा दावा चांगला आहे आणि बऱ्याच अंशी खराही असावा, पण तुमच्या नळीत, तुमच्या प्रायमरबरोबर तो किती टिकतो हे तुम्हालाच मोजायला हवं. एकाच हातच्या काडतुसांचे तीन गट करा: एक बर्फाच्या पेटीत रात्रभर, एक सावलीत, एक उबदार पेटीत. सोबत थर्मामीटर. मोटारीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचे उद्योग नकोत, तिथे किती तापेल याला धरबंध नाही. मुख्य म्हणजे नळी थंड असताना मारा आणि काडतूस चेंबरमध्ये घालून गप्पा मारत बसू नका. तापलेल्या चेंबरमध्ये बर्फातलं काडतूस बघताबघता गरम होतं आणि मग तुम्ही पावडर नाही, नळी मोजत असता.

भार उन्हाळ्याचा धरूनच ठरवा. जानेवारीत कमालीला टेकवलेला भार जुलैत चाळीस अंश सेल्सियसच्या उन्हात घेऊन जाणारे लोक मी बघितले आहेत. दगड मारून बोल्ट उघडायची वेळ येते.

आणि कृपा करून तीन-तीन गोळ्यांचे गट बघून ‘हाच भार बसला’ ठरवू नका. तीन गोळ्यांत नशीबच जास्त बोलतं. दोन-तीन भार निवडा, प्रत्येकी पुरेशा गोळ्या मारा, मग बोला. लक्ष्यावर लहान गट पाडणाऱ्या भारापेक्षा मला थंडी-उन्हात कमी हलणारा भार केव्हाही प्यारा.

नळीतलं तांबं कमी बसतं ही या पावडरीची आणखी एक जाहिरात. त्यात तथ्य आहे: कथील किंवा बिस्मथची संयुगं मिसळली की तांब्याचा थर ठिसूळ होतो आणि निघून जातो. पण काजळी निघत नाही, ती बॉल पावडरीत थोडी जास्तच असते. ब्रश चालवायचाच.

ठेवण्याबद्दल एवढंच: मूळ डब्यातच, टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपलं की मापकाच्या नळकांड्यातली पावडर त्याच डब्यात परत. रात्रभर राहिली तर प्लॅस्टिक खराब होतं, आणि सकाळी ही कुठली पावडर हा प्रश्न उभा राहतो. उत्तर नक्की नसेल तर ती वापरायची नाही. डबा उघडल्यावर आंबूस उग्र वास किंवा तांबूस वाफ दिसली तर तीही बाद.

आता ग्वाल्हेरचे भाऊसाहेब. आपल्याकडे हे घरी करायचं नाही, अजिबात. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, रायफलचा परवाना त्यासाठी पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. आणि नेमबाजीसाठी त्याची गरजही नाही. स्वप्निल कुसळेने पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य घेतलं त्या ५० मीटर रायफल प्रकारात, आपल्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर खेळतो त्याच प्रकारात, .२२ रिमफायर काडतूस असतं. त्याचं प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं, एकदा मारलं की संपलं, पुन्हा भरता येत नाही. तिथे खेळाडू करतात ते एवढंच की वेगवेगळ्या बॅचची काडतुसं आपल्या नळीतून मारून बघायची आणि जमलेली बॅच घ्यायची. तुम्हाला पावडरीचं शास्त्रच आवडत असेल तर आपल्या इटारशीला आणि तिकडे भंडाऱ्याला ते सरकारी कारखान्यात बनतं, रसायनशास्त्र घेऊन त्या वाटेने जा.

कोलोरॅडोवाले, पुंगळी कोणती, नळी किती इंच आणि गोळीचं वजन किती तेवढं कळवा. तीन तापमानांचे वेग आले की इथेच टाका, फरक किती निघाला ते बघून पुढचं बोलू.