वाचक विचारतात : मैदानाच्या कडेवरची पत्रकारिता

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असताना खो-खो खेळत होते. दूरचित्रवाणीवर सामना चालू असताना मैदानाच्या कडेला माइक घेऊन उभ्या असणाऱ्या वार्ताहराचे काम करण्याची माझी इच्छा आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, कन्नड व हिंदी बोलता येते, इंग्रजी मात्र बेताचे आहे. मी सुरुवात कोठून करावी?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : हे काम पडद्यावर अर्ध्या मिनिटाचे दिसते, त्यामुळे सारा भर चेहरा आणि पोशाख यांवर असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात समालोचन कक्षात बसलेल्यांना जे दिसत नाही ते टिपून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणे, हे या वार्ताहराचे खरे काम आहे. मैदान सोडून गेलेल्या गोलंदाजाच्या खांद्याला फिजिओने बर्फ लावला की मांडीला पट्टी बांधली, पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला आहे का, खेळपट्टीच्या कोणत्या टोकाला गवत राखले आहे, अशा गोष्टी कडेवर उभ्या असलेल्या माणसालाच नीट दिसतात. हे टिपत असताना कानातल्या इअरपीसमधून ओबी व्हॅनमधील (मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीतील) निर्मात्याच्या सूचना आणि सेकंदांची उलटी मोजणी चालूच असते. त्या गडबडीतही समोरच्या खेळाडूचे उत्तर लक्ष देऊन ऐकावे लागते, कारण पुढचा प्रश्न त्या उत्तरातूनच निघतो. याचा सराव घरीही करता येतो. भावंडाला फोनवरून आपल्या कानात वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगावे आणि त्याच वेळी नुकत्याच पाहिलेल्या सामन्याविषयी न अडखळता तीस सेकंद बोलावे. पहिले काही दिवस जीभ वळणार नाही.

प्रश्न विचारणे ही यातली सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. हरलेल्या कर्णधाराला ‘आता कसे वाटते?’ असे विचारले, तर ‘वाईट वाटते’ याखेरीज तो काय सांगणार? त्याऐवजी ‘सतराव्या षटकात फिरकी गोलंदाजाला परत आणले, त्यामागे काय विचार होता?’ असे विचारल्यास त्याला नेमके काही सांगावे लागते. दोन प्रश्न एकत्र विचारू नयेत, कारण धापा टाकणारा खेळाडू त्यांतला सोपा तेवढा उचलतो. आपल्याकडच्या वाहिन्यांवर प्रश्नाच्या आधी लांबलचक कौतुक करण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पसंत नाही.

या पेशाला ठरलेली एकच वाट नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतील एबीसी वाहिनीने महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणात जिम लॅम्पली यांना मैदानाच्या कडेला उभे केले. पुढे तिथल्याच क्रीडा वार्ताहर म्हणून नावाजलेल्या लेस्ली व्हिसर वृत्तपत्रातून आल्या. आपल्याकडे २००३ च्या विश्वचषकात मंदिरा बेदी यांनी क्रिकेटच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले ते अभिनयाच्या पार्श्वभूमीवर, तर क्रिकेटच्या निवेदिका संजना गणेशन यांचे शिक्षण पुण्यात अभियांत्रिकीचे झाले. पत्रकारितेची पदवी हवी असेल, तर आपल्याला धारवाड, कोल्हापूर आणि पुणे ही तिन्ही विद्यापीठे फार लांबची नाहीत.

अर्थात पदवीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. २०१९ च्या जूनमध्ये बेळगावच्या मैदानावर ऋतुराज गायकवाड यांनी श्रीलंका ‘अ’ संघाविरुद्ध नाबाद १८७ धावा केल्या, पण असे सामने आपल्या भागात क्वचितच होतात. आनंदवाडीच्या आखाड्यातील कुस्त्या, गावोगावच्या कबड्डी स्पर्धा, शालेय खो-खो मात्र दर हंगामात असतात. तेथे मोबाइलवर छोटे वृत्तांत चित्रित करावेत आणि त्यांतले निवडक जोडून शोरील, म्हणजे आपल्या कामाची नमुनाफीत, तयार करावे. बेळगाव जिल्ह्यातील मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले. या खेळात झुंज उभ्यानेच होते आणि कमरेखाली पकड घेता येत नाही, हे अनोळखी प्रेक्षकाला दोन वाक्यांत समजावून सांगता आले, की आपली तयारी होऊ लागली असे समजावे.

आता भाषेविषयी. २०२३ च्या आयपीएलचे समालोचन जिओसिनेमाने बारा भाषांत दिले आणि त्यांत मराठी व कन्नड दोन्ही होत्या. सीमाभागातील मुलीला या दोन्ही भाषा घरबसल्या मिळतात, ही मुंबई-पुण्याच्या उमेदवाराला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे. मात्र बाजारात निभावणारे कन्नड आणि माइकवर टिकणारे कन्नड यांत अंतर असते, म्हणून ते रोज वाचून सुधारावे. इंग्रजी निदान नियमावली आणि खेळाडूचे उत्तर समजण्याइतके तरी हवेच.

प्रश्न : माझ्या मुलाला याच क्षेत्रात जायचे आहे. यात पक्की नोकरी मिळते का?
(एक पालक, निपाणी)

उत्तर : बहुधा नाही. बरेचसे काम स्पर्धेपुरत्या किंवा हंगामापुरत्या कराराचे असते आणि प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले की चमूही बदलू शकतो. २०२३ ते २०२७ या काळासाठी आयपीएलचे दूरचित्रवाणी आणि डिजिटल हक्क वेगवेगळ्या कंपन्यांनी घेतले होते, पुढे त्यांचे व्यवसाय एकत्र आले आणि २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले. दोन ठिकाणी असलेली दारे अशा वेळी एक होतात. म्हणून वृत्तकक्षातील संपादन, अनुवाद किंवा सूत्रसंचालन असे जोडकाम मुलाच्या हाताशी असू द्यावे. सणासुदीला तो घरी नसेल, ही गोष्टही आपण आताच गृहीत धरावी.

प्रश्न : मी स्थानिक केबल वाहिनीसाठी सामन्यांचे वार्तांकन करतो. मध्यंतरात प्रशिक्षक बोलायलाच तयार नसतील, तर काय करावे?
(एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर : मनाने काही रचू नये. अमेरिकेतील निवेदिका चारिसा थॉम्पसन यांनी २०२३ मध्ये सांगितले, की प्रशिक्षक भेटले नाहीत तेव्हा आपण कधीकधी मध्यंतराचा वृत्तांत स्वतःच रचत असू. कोणाच्याही तोंडी खोटे शब्द घातले नव्हते, असा खुलासा त्यांनी नंतर केला, तरी मैदानाच्या कडेवर काम करणाऱ्या त्यांच्या सहव्यवसायी स्त्रियांनीच त्यांच्यावर कडक टीका केली. आपण निर्मात्याला तसे लगेच कळवावे आणि ‘प्रशिक्षक आता बोलू इच्छित नाहीत’ एवढे सांगून जे स्वतः पाहिले त्याचे वर्णन करावे : खेळाडूंना एकत्र बसवून कोण बोलत होते, कोणाला बदलण्याची तयारी दिसत होती, कोण पायाला पट्टी बांधून घेत होता. तेवढ्यावर वीस सेकंद सहज निघतात.