ड्रोन असताना टुंड्राचा, म्हणजे ध्रुवाकडच्या गोठलेल्या प्रदेशाचा, अभ्यास पतंगाच्या दोराला कॅमेरा टांगून का करतात? नाशिकमध्ये हे करून बघता येईल का?

थंडीत ड्रोनची बॅटरी झटपट उतरते आणि जोराच्या वाऱ्यात तो टिकत नाही. चुंबकीय ध्रुवाजवळ त्याचं होकायंत्रही गडबडतं. पतंगाला मात्र वाराच लागतो, आणि टुंड्रात झाडं नसल्याने दोर कुठे अडकत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे 30 मीटर बाय 30 मीटर जमीन. टुंड्रातलं विलो झुडूप घोट्याएवढं, ते त्यात वेगळं दिसणार कसं! पतंगावरून काढलेल्या फोटोत अशी झुडपं वेगवेगळी मोजता येतात, गोठलेली जमीन वितळून कुठे खचली तेही दिसतं. एकावर एक येणारे फोटो जोडून उंचसखल नकाशा बनतो, आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा टिपली की झुडपं किती पसरली ते कळतं. पतंगावरून फोटो काढणं तसं जुनंच, फ्रान्समध्ये आर्थर बात्यूने 1880च्या दशकात सुरू केलं.

नाशिकमध्ये जरूर करा. पण येवल्यात संक्रांतीला उडतो तो कागदी पतंग कॅमेरा पेलणार नाही. मोठा डेल्टा (त्रिकोणी) पतंग आणि जाड पॉलिस्टरचा दोर घ्या, मांजा अजिबात नको. हातात चामडी मोजे हवेतच. कॅमेरा पतंगाला नाही, पतंग स्थिर झाल्यावर त्याच्या वीसेक मीटर खाली दोराला टांगायचा, टायमर लावून.

देवळाली, ओझरकडे लष्करी हद्द आणि विमानतळ आहे, तिकडे नको. अंजनेरीलाही नको, तिथे गिधाडांची घरटी आहेत. गावाबाहेरचं मोकळं माळरान बघा, विजेच्या तारांपासून लांब.