ती खूण पुसू नकोस

तुझी मेल दोनदा वाचली. 'आयक' चक्रीवादळाने समुद्राचं पाणी किती चढवलं, त्या उधाणाचं संगणकी मॉडेल चालवलंस. पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या, भिंतींवर राहिलेल्या बहुतेक खुणा त्याच्याशी जुळल्या, चार जुळेनात. कुणी म्हणालं, 'खराब डेटा' म्हणून काढून टाक. नको काढूस.

आयकचं मॉडेल मीही केलं होतं. 2008 च्या सप्टेंबरात आयक अमेरिकेत टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला धडकायच्या आदल्या दिवशीच किनाऱ्यावर पाणी दोनेक मीटर चढलं होतं. वारा किनाऱ्याला समांतर, मग पाणी चढेलच कसं? म्हणून त्या तासांच्या नोंदी मी भरतीमापकाची चूक समजून वगळल्या. पाण्याची सर्वांत उंच पातळी जुळली, शाबासकी मिळाली. कारण पुढे कळलं. किनाऱ्यालगत पश्चिमेला धावणारा प्रवाह पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे, म्हणजे किनाऱ्याकडेच वळतो आणि पाणी साचत जातं. तिथला उथळ तळ चिखलाचा, गुळगुळीत. मी मॉडेलमध्ये तळाचं घर्षण जास्त धरलं होतं, त्यात तो प्रवाहच मेला. गॅल्व्हस्टनशेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरून बाहेर पडायचा रस्ता वादळाच्या कितीतरी तास आधी बुडाला, माणसं अडकली. ते पाणी मी वगळलेल्या नोंदींत होतं. हे अजून सलतं.

म्हणून सांगतो, पुसू नकोस. आधी खूण कुठली ते बघ. कतरिना वादळानंतर मिसिसिपीत एका घरात मी बंद कपाटाचं दार उघडलं. आतल्या भिंतीवर संथ पाण्याने सोडलेली गवताच्या बियांची रेघ होती, दोरी लावून आखल्यासारखी सरळ. बाहेरच्या भिंतीवरची खूण तिच्याहून हातभर वर, कारण तिथे लाटा आपटल्या होत्या. यादीत दोन्हींचं नाव एकच. शिवाय लुईझियानात जमीन खचते, उंची मोजायच्या जुन्या बेंचमार्कवर, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या खुणेवर, विसंबू नकोस.

आणि कृपा करून त्या चार खुणांसाठी घर्षणाचा गुणांक फिरवत बसू नकोस! पेपर फोडून दिलेली परीक्षा आहे ती. गुणांक तळाच्या मातीवरून ठरव, तोच न बदलता कतरिना, रिटा, गुस्ताव या वादळांना लाव. तिथे फसला तर फसला म्हणून लिही. माझ्या या हट्टापायी दोन अहवाल रखडले, माणसं दुखावली. तरी आजही तेच करेन. तुझ्यावरही चिडतील, चिडू देत. पुसायचं नाही.

चारही खुणांचे फोटो आणि मोजणाऱ्यांच्या नोंदी पाठव. शनिवारी सकाळी फोनवर एकेक बघू.