आधी मुक्काम मांड

प्रिय पोरी,

किलिमांजारोच्या वाटांचा तू केलेला तक्ता पाहिला. खर्च, गर्दी, निसर्ग, तंबू की खोली, सगळे रकाने आहेत. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं, तो रकाना मात्र नाही. मग मारांगू की माचामे यात इतके दिवस घोळ घातलास यात नवल काय! अगं, मोठ्या डोंगराची वाट मुक्कामांवरून ठरते. आधी मुक्काम मांड.

मारांगू पाच दिवसांची, स्वस्त, वर झोपायला लाकडी खोल्या. भुरळ पडणारच. आता रात्री बघ. मंदारा साधारण २७०० मीटर, होरोम्बो ३७००, किबो ४७००. रोज रात्री हजार मीटर वर! तीन हजारांच्या पुढे झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा नियम. तो इथे लागोपाठ दोनदा मोडतो. शिवाय किबोहून मध्यरात्रीच निघायचं, म्हणजे ती रात्र धड झोपेचीही नाही. माथा ५८९५ मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. "मी फिट आहे काका" हे मला सांगू नकोस. दमसास चांगला असलेलीच पोरं भराभर वर जातात आणि डोकं धरून बसतात.

सराव कर, जरूर कर. बारी गावातून पाठीवर ओझं घेऊन कळसूबाई चढ, अंजनेरी कर. मांड्या तयार होतील. पण कळसूबाई १६४६ मीटर; विरळ हवेची सवय सह्याद्रीत होत नाही, कितीही वाऱ्या केल्यास तरी.

माझं ऐकशील तर माचामे घे, पण सात दिवसांची. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला सुमारे ४६०० मीटरपर्यंत जायचं आणि खाली बरांकोला, चार हजारांच्या आत येऊन झोपायचं. त्या वाटेची खरी कमाई हीच. सहा दिवसांच्या बेतात करांगाचा मुक्काम गाळून बरांकोहून थेट बराफूला, शेवटच्या मुक्कामाला, नेतात आणि त्याच रात्री माथ्याकडे काढतात. "एक दिवस वाचतो मॅडम," असं सांगतील. नको म्हण. पैसे जुळले तर आठ दिवसांची लेमोशो आणखी बरी. उम्ब्वेची वाट तक्त्यातून खोडून टाक. आणि बरांकोच्या भिंतीची, त्या उभ्या कड्याची, कसली भीती? हरिहर गडाच्या खोदीव पायऱ्या उतरून आलीस ना? इथे हात टेकून चढायचं, दोरही लागत नाही.

मी एवढा हटून का बसतो, ते तुला कुणीतरी सांगितलंच असेल. लडाखमध्ये सहा हजारांच्या वरचं शिखर होतं. परतीचं विमान गाठायचं म्हणून बाकीच्यांनी एक मुक्काम गाळला. मी अडून बसलो आणि खाली तंबूतच राहिलो. ते सगळे माथ्यावर जाऊन सुखरूप आले. नाशिकला सत्कार झाला, फोटोत मी नाही. पुन्हा जाणं झालं नाही, आता गुडघे नाही म्हणतात. सल आहे, कशाला लपवू? पण ते पोचले म्हणून त्यांचा हिशेब बरोबर ठरत नाही! आदल्या संध्याकाळी त्यांतल्या एकाला बुटाची नाडी बांधता येईना. बोटं नुसती टोकांशी चाळा करत होती. मी बांधून दिली आणि म्हणालो, हा उद्या वर जाणार नाही. तो गेला. नशिबानं परत आला. लोक मला आजही घाबरट म्हणतात, म्हणोत. तू मुक्काम मांड.

दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचा विचार सोड, नोव्हेंबरात तिकडे छोटा पावसाळा असतो. मार्च ते मे तर मोठा. जानेवारी-फेब्रुवारी धर. उंचीच्या गोळीचं डॉक्टरांना विचार, मैत्रिणीला नको. वाढलेल्या दोन दिवसांच्या पैशांचं तुझ्या बाबांशी मी बोलतो. साहेबांकडे रजा तूच माग, आणि आठवड्याची नको, पंधरा दिवसांची माग.

तुझा,
काका