१४ फुटी कयाक घ्यायची का? आधी जागेचा हिशेब

प्रश्न: बोरिवली पश्चिमेला राहते, वय ४४. तीन वर्षांपूर्वी वापरलेली १० फुटी, वर बसायची प्लास्टिकची कयाक २८ हजारांना घेतली. ती गोराई गावात ओळखीच्यांच्या पडवीत असते, महिन्याला एक हजार देते. ऑक्टोबर ते मे मिळून वीसेक वेळा खाडीत जाते. आता सोबतच्या मंडळींनी लांब कयाक घेतल्या आहेत आणि मी मागे पडते. मनोरीच्या बाजूने परतताना वारा सुटला की माझी सरळ चालतच नाही. दुकानदाराने १४ फुटी, आत बसायची टूरिंग कयाक दाखवली: १ लाख ४५ हजार, १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय, रोख घेतली तर १ लाख ३६ हजार. त्याच कंपनीची १२ फुटी रोख ९६ हजारांना आहे. पडवी १३ फुटांची, त्यामुळे १४ फुटीला दुसरी जागा बघावी लागेल. तिथे महिना दीड हजार सांगतात. दोघांचं हातात येणारं उत्पन्न १ लाख ६० हजार, गृहकर्जाचा हप्ता ४२ हजार, घरखर्च ६५ हजार, एसआयपी २० हजार. वरखर्च जाऊन महिन्याला वीस हजार उरतात. ३ लाखांची एफडी आहे, गाडी वॅगन आर, मुलगी नववीत. नवरा म्हणतो, खेळण्यावर दीड लाख कशाला? एफडी मोडू, एसआयपी थांबवू, की ईएमआय घेऊ?

उत्तर:

ताई, तिन्हींपैकी काहीच करू नका. कयाक मात्र घ्या. १२ फुटी घ्या, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या.

आधी ईएमआयचं बघू, कारण दुकानात सगळ्यात गोड तेच वाटतं. १ लाख ४५ हजारांचे १२ हप्ते म्हणजे महिन्याला १२,०८३ रुपये. हीच वस्तू रोखीने १ लाख ३६ हजारांना मिळते, म्हणजे तुमचं खरं कर्ज १ लाख ३६ हजारांचं आणि वरचे ९ हजार हे त्याचं व्याज. घटत्या शिलकीवर मांडलं तर ते बरोबर वर्षाला १२ टक्के पडतं. बँक क्रेडिट कार्डावर हे व्याज दाखवून दुकानदाराच्या सवलतीतून वळतं करत असेल, तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो, म्हणजे आणखी १,६२० रुपये. दर १४ टक्क्यांच्या घरात गेला. प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून पाटी बदलली, हिशेब तोच राहिला.

एफडीचं उत्तर सोपं आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला १ लाख ७ हजार लागतातच. ३ लाखांत तीन महिनेसुद्धा निघत नाहीत. ती आधीच तोकडी आहे, तिला हात लावू नका. एसआयपीचंही तेच: मुलगी नववीत आहे, दोन-तीन वर्षांत क्लासची आणि कॉलेजची फी दारात उभी राहील.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मिस्टरांना दीड लाखाचा आकडा खुपतोय आणि तुम्हालाही तोच सोडवायचा आहे. पण मुंबईत होडीपेक्षा होडी ठेवायची जागा महाग पडते, आणि ते भाडं होडी वापरली नाही तरी चालू राहतं. १४ फुटीचं मांडून बघा. रोख १ लाख ३६ हजार, त्यावर नवं वल्हं, स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून बसायच्या जागेवर ताणायचं, पाणी आत येऊ न देणारं झाकण), पाणी उपसायचा हातपंप आणि शिकण्याची फी धरून २९ हजार. एकूण १ लाख ६५ हजार. सात वर्षं वापरून ५५ हजारांना विकली असं धरू (हा माझा अंदाज, प्लास्टिकची कयाक उन्हात पडून राहिली तर यापेक्षा कमी येतील). घट झाली १ लाख १० हजार, म्हणजे वर्षाला साधारण १५,७००. आणि जागेचं भाडं? दीड हजाराने वर्षाला १८,०००. भाडं होडीच्या झिजेपेक्षा जास्त! वीस फेऱ्यांत वाटलं तर प्रत्येक सकाळ १,७०० रुपयांच्या आसपास पडते.

१२ फुटी तुमच्या आहे त्याच पडवीत मावते. ९६ हजार अधिक तेच २९ हजार, सात वर्षांनी ४० हजार परत आले असं धरलं तर वर्षाला झीज १२,१००, भाडं १२,०००. फेरीला साधारण १,२००. आज जुन्या कयाकवर तुम्हाला फेरीला फक्त भाड्याचे ६०० पडतात. मिस्टरांपुढे दीड लाखाऐवजी हा प्रश्न ठेवा: दर फेरीला ६०० रुपये जास्त देऊन जे मिळणार, ते तेवढ्याचं आहे का? माझ्या मते आहे. कुटुंबाच्या उत्पन्नात आठ महिने महिन्यातून अडीच वेळा पाण्यात जाणं बसतं, त्याला उधळपट्टी म्हणवत नाही. पण फेऱ्या वीसवरून दहावर आल्या तर हे आकडे दुप्पट होतात. पुढच्या वर्षी लेक दहावीत असेल. तिच्या क्लासच्या रविवारांकडे बघून फेऱ्यांचा आकडा तुम्हीच प्रामाणिकपणे धरा.

वेगासाठी १४ फुटी हवी, असं सोबतची मंडळी सांगत असतील. त्यात तथ्य आहे, पण थोडं. होडीच्या वेगाची एक ढोबळ मर्यादा पाण्याला टेकलेल्या लांबीवरून काढतात: फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की उत्तर नॉटमध्ये येतं (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). टोकांचा फूटभर पाण्याबाहेर धरला तर तुमच्या १० फुटीला ती तासाला साडेसात किलोमीटरच्या आसपास, १२ फुटीला सव्वाआठ, १४ फुटीला नऊ. आणि आपण हौशी माणसं वल्हवतो ताशी पाचच्या आसपास. म्हणजे मर्यादेपर्यंत तुम्ही पोचतच नाही. मागे पडण्याचं कारण वेगळं आहे: रुंद, आखूड कयाक प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरवते आणि ते सरळ करण्यातच ताकद जाते. दुपारी खारा वारा तिरका मागून लागला की ती वाऱ्याकडे तोंड वळवते आणि तुम्ही एकाच बाजूने वल्हवत बसता. याला उपाय आहे तो स्केग, म्हणजे मागे तळाखाली उतरवता येणारं पातं. ते १२ फुटीला असेल तर तुमची निम्मी तक्रार तिथेच मिटेल. नसेल तर ती कयाक घेऊ नका, दुसरी बघा.

दुकानात आणखी एक गोष्ट हाताने चाचपून बघा. आत बसायच्या कयाकमध्ये पुढे आणि मागे, दोन्हीकडे बंदिस्त पडदे हवेत, ज्यांना बल्कहेड म्हणतात. स्वस्तातल्या कयाकला फक्त मागे एक असतो. उलटली की पुढचा सगळा भाग पाण्याने भरतो, नाक खाली जातं आणि खाडीच्या मधोमध ती सरळ करून उपसणं एकट्या माणसाच्या हातचं राहत नाही. एकच पडदा असेल तर पुढे घालायच्या हवेच्या पिशव्या किमतीतच मागून घ्या.

गाडीचंही ऐका. वॅगन आरची लांबी ३,६५५ मिलिमीटर. १२ फूट म्हणजे ३,६५८. टपावर कयाक आणि गाडी जवळपास एकाच मापाच्या होतात. १४ फुटी दोन फूट बाहेर येते. मर्यादेबाहेर आलेल्या सामानाला मोटार वाहन कायद्यात २० हजारांचा दंड आहे, आणि पवना धरणाकडे जाताना एक्स्प्रेसवेच्या वाऱ्यात ते दोन फूट डोक्याला तापच. वजनातही चारेक किलोचा फरक पडतो. ओहोटीला गोराईच्या चिखलातून घोटे रुतत कयाक ओढत आणताना ते चार किलो चांगलेच कळतात.

आता वेळेचं. तुमचं पत्र मे महिन्याच्या मध्यावर आलंय. आज घेतलेली नवी कोरी कयाक सप्टेंबर उलटेपर्यंत ताडपत्रीखाली पडून राहणार, भाडं खात. पावसाळ्यात समुद्राकडे कोळीसुद्धा पाठ फिरवतात, जून-जुलैत तर मासेमारीबंदीच असते. मग घाई कोणाची? दुकानदाराची. जून ते ऑक्टोबर पाच महिने उरणारे वीस हजार बाजूला टाकलेत तर १ लाख होतात आणि ऑक्टोबरअखेर कयाक रोखीने येते. नोव्हेंबरच्या वीस हजारांत स्कर्ट, पंप आणि शिकणं बसवा. वल्हं शेवटी घ्या. अरुंद होडीला थोडं आखूड वल्हं सोयीचं पडतं हे खरं, पण दोन महिने जुन्यावर निभतं. पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा किंवा लिक्विड फंडात. पाच महिन्यांत फरक शे-पाचशेचा, त्यावर झोप घालवू नका.

शिकण्याच्या पैशांत मात्र काटकसर नको. वर बसायच्या कयाकवरून पडलात तर पोहत येऊन परत चढता. आत बसायची उलटली तर आधी डोकं पाण्याखाली असताना स्कर्टची पट्टी खेचून बाहेर पडायचं, मग होडी सरळ करायची, मग वल्ह्याला फुगा लावून आत शिरायचं आणि पंपाने पाणी काढायचं. हे प्रशिक्षकासोबत, उथळ आणि शांत पाण्यात पुनःपुन्हा करून झाल्याशिवाय मनोरीच्या मुखाकडे जायचं नाही. शक्य असेल तर खरेदीच्या आधीच कोलाड किंवा पवनेला एक दिवस आत बसायची कयाक भाड्याने चालवून बघा. काहींना त्यात कोंडल्यासारखं होतं. ते हजार-दोन हजारांत कळलेलं बरं.

सुरुवातीला ती डुगडुगेल. दुकानदाराने खोटं सांगितलं असं वाटेल. अरुंद तळ बसल्या-बसल्या हलतो, पण लाटेवर कलल्यावर रुंद तळापेक्षा जास्त विश्वासाने तोलून धरतो, आणि हे कमरेला उमगायला काही सकाळी जाव्या लागतात. पायाची टेकणं गुडघे किंचित वाकून वर आधाराला लागतील इतकी जवळ घ्या, कंबर सैल ठेवा. पहिल्या फेऱ्या भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे, चढत्या भरतीवर आणि खाडीच्या आतच ठेवा. उधाणाला इथे भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्या ओढीत नवी होडी शिकायची नसते.

म्हणून जुनी कयाक लगेच विकू नका. हंगामाच्या तोंडावर तिला दोन हजार जास्त मिळतील हे मला कळतं, पण नवी अंगवळणी पडेपर्यंत घरात परतीची वाट असावी. ती पडवीत कशीबशी दुसरीवर रचता येते का विचारा. डिसेंबरात विकून आलेल्या पैशांतून वल्हं घ्या. मिस्टर तोवर एखाद्या रविवारी त्या जुनीत बसले, तर ती विकायची की नाही हा वेगळाच प्रश्न उभा राहील, पण तो पुढचा.

विम्याची कागदपत्रं एकदा काढा. आरोग्य विम्यातलं साहसी खेळांबद्दलचं प्रमाणित वगळणूक कलम, क्रमांक ०९, व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं आहे. हौशी माणसाला ते सहसा आड येत नाही. वैयक्तिक अपघात विम्यात भाषा याहून कडक असू शकते, तिथे शब्द न शब्द वाचा. टर्म विमा नव्याने घेणार असाल तर अर्जात छंदांचा रकाना येतो, त्यात कयाकिंग स्वच्छ लिहा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी घरच्यांच्या अंगावर येते.

शेवटी दुकानदाराशी बोलताना: भाव जीएसटी आणि गोराईपर्यंतची वाहतूक धरून लेखी घ्या, स्केग आणि दोन्ही पडदे बिलावर येऊ द्या. ऑक्टोबरची किंमत आज बांधून हवी असेल तर पाच हजारांपेक्षा जास्त आगाऊ देऊ नका, आणि तेही परत मिळतील असं पावतीवर लिहून घेऊनच. पडवीवाल्यांनाही आत्ताच विचारून ठेवा, १२ फुटी आली तरी भाडं हजारच राहील ना. ते वाढवणार असतील तर वरचा हिशेब पुन्हा मांडा.