आधी चांगलं कुरण वाचवा

प्रश्न: अमेरिकेत नेवाडातल्या एल्को काउंटीत आमचं ८०० एकर सेजब्रशच्या झुडपांचं कुरण आहे. रस्त्याकडचे ३०० एकर जळाले, तिथे आता नुसतं चीटग्रास हे बाहेरून आलेलं, एका वर्षाचं गवत आहे. उरलेल्या ५०० एकरांत ते मधूनमधून दिसतं. पैसे एकाच तुकड्यावर घालता येतील. कुठे घालू?

उत्तर: त्या ५०० एकरांत. जळालेला तुकडा डोळ्यांत खुपतो, म्हणून बरेच जण आधी तिथेच पैसा ओततात आणि तिथेच तो बुडतो.

चीटग्रास बहुधा शरदातल्या पावसावर उगवतं, वसंतातली ओल पिऊन टाकतं आणि जूनपर्यंत वाळून खडखडीत होतं. झुडपांमधली मोकळी जागा भरली की आगीला सलग वाट मिळते. सेजब्रश जळाल्यावर मुळापासून फुटत नाही. चीटग्रासचं बी मात्र मातीत टिकून राहतं. जुलै २०१८ मध्ये शेजारच्या हम्बोल्ट काउंटीतल्या मार्टिन वणव्यात सव्वाचार लाखांहून जास्त एकर गेले. सरकारी जमिनीवर चराई असेल तर जळाल्यावर साधारण दोन हंगाम ती बंद राहते. तेवढा काळ विकतचा चारा घालावा लागेल, तो हिशेबात धराच.

नेवाडा विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे गणित मांडलं. कुरण निरोगी असताना केलेला खर्च पुढे आग विझवण्याचा खर्च वाचून भरून निघतो. चीटग्रासने गिळलेल्या जमिनीत पेरणी अनेकदा फसते, म्हणून तिथे तो निघत नाही.

जूनमध्ये एकदा माळ पायी फिरा. चीटग्रासचे तुरे एका बाजूला झुकलेले, जांभळट दिसतात, कुसळं मोज्यात घुसतात. त्यांच्या मधे बहुवर्षायू गवताचे जिवंत ठोंब पावलागणिक सापडले, तर तो भाग तणनाशक फवारणीलायक समजा. इंडाझिफ्लॅम हे तणनाशक बी रुजू देत नाही आणि त्याचा परिणाम तीनेक वर्षं टिकतो. तेवढ्यात मातीतलं बरंचसं बी संपतं आणि ठोंब पसरतात. मात्र ते पेरलेलं चांगलं बीही रोखतं, म्हणून नव्याने पेरायच्या तुकड्यावर मारू नका. फवारणी शरदातल्या पावसाआधी करा, मात्रा लेबलवरचीच ठेवा.

जळालेल्या ३०० एकरांत सध्या गुरं चारून गवत कमी ठेवा आणि चांगल्या कुरणाच्या हद्दीने आग अडवायला आपल्याकडच्या जाळपट्ट्यासारखा, पण न जाळता, गवत कापून पट्टा काढा. अमेरिकी कृषी खात्याच्या एनआरसीएस या जमीन-पाणी संवर्धन विभागाच्या इक्विप योजनेतून खर्चाचा वाटा मिळू शकतो. करार होण्याआधी काम सुरू केलं तर तो हातचा जाईल.